बाबांचा पॅच

बाबांची पहिली तक्रार आली तेव्हा ती बाबांची आहे हे मला माहीत नव्हतं. शनिवारची सकाळ होती. ओट्यावर लॅपटॉप ठेवून मी चहा गाळत होते आणि एकीकडे आलेले मेल बघत होते.

हे मेल कसले ते आधी सांगते. मी चाकणला एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात नोकरी करते. कुठल्या लाइनला कुठल्या शिफ्टमध्ये कोणता सुटा भाग लागणार हे ठरवणारा प्रोग्रॅम आमचा विभाग सांभाळतो. काही वर्षांपूर्वी त्यासाठी आम्ही एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा वापरायला घेतली. ती कुणाच्या मालकीची नाही. जगभरातली थोडी माणसं आपल्या फावल्या वेळात ती सांभाळतात. तिच्या आतला सगळा कोड कुणालाही वाचता येतो, आणि कुणीही त्यातली चूक दाखवून देऊ शकतं. चूक कळवली की तो बग रिपोर्ट. ती दुरुस्त करणारा कोड लिहून पाठवला की तो पॅच. आलेला पॅच आतल्यांपैकी कुणीतरी ओळ न् ओळ तपासतं आणि ठीक वाटला तर भाषेत घेतं. मी आधी एक बग कळवला, मग एक किरकोळ पॅच पाठवला, मग सवयच लागली. पुढे त्यांनी विचारलं, तपासणाऱ्यांमध्ये येशील का? मी लगेच हो म्हटलं.

तिथे मी खऱ्या नावाने नाही. एक टोपणनाव घेतलंय, त्यावरून बाई की बुवा, कुठल्या देशातलं माणूस, काही कळत नाही. घरीही मी ह्या कामाबद्दल फारसं बोलत नसे. त्याला कारण बाबाच. माझा पहिला पॅच घेतला गेला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितलं होतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे कंपनीचं काम करून दमून यायचं, आणि वर लोकांचं फुकट करायचं?" ते रागाने नव्हते बोलले. खरोखरच कळलं नव्हतं त्यांना. पण मी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि माझा नाद सुटला असं ते धरून चालले.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला भाग मापात आहे का बघायचं. असला तर पुढे, नसला तर लाल रंग लावून बाजूला. निवृत्त झाल्यावर ते आणि आई तळेगाव दाभाड्याला फ्लॅट घेऊन राहायला गेले. त्यांच्या सोसायटीत तीन विंग आणि पाण्याचा पंप एकच. पंप कुणी कधी चालू करायचा यावरून जिन्यात भांडणं व्हायची. बाबांनी ठरवलं, आपण वेळापत्रक करायचं, आणि कॉम्प्युटरवरच करायचं. त्यांनी मला फोन करून विचारलं, "कुठली भाषा शिकू?" मी हीच सांगितली. सोपी आहे म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझी आहे म्हणून. मी तिच्यात काम करते हे मात्र सांगितलं नाही. पुन्हा 'फुकट' ऐकायचं नव्हतं.

तर त्या शनिवारच्या तक्रारीत लिहिलं होतं की तक्त्यात इंग्रजी नावं छापली तर रकाने सरळ येतात, मराठी नावं छापली की वाकडे होतात. लिहिण्याची पद्धत कारखान्यातल्या तपासणी अहवालासारखी होती. अपेक्षित काय, आढळलं काय, आणि शेवटी शेरा: नापास. मला गंमत वाटली. खाली एक फोटो जोडला होता. रकाना किती वाकडा आहे हे दाखवण्यासाठी त्या माणसाने कॉम्प्युटरच्या पडद्याला स्टीलची पट्टी लावून धरली होती.

त्या पट्टीचं एक टोक गोल होतं. मी पहिलीत असताना ते टोक माझ्या बोटाला लागलं होतं, रक्त आलं होतं, म्हणून बाबांनी पट्टी कंपनीत नेऊन ग्राइंडरवर घासून आणली होती. पट्टी धरलेला अंगठाही मी ओळखला.

मी एकटीच हसत सुटले. तेव्हाच फोन उचलायला हवा होता. "बाबा, तुमची तक्रार माझ्याकडेच आलीय," एवढं एक वाक्य. त्याऐवजी मी चहाचा कप बाजूला ठेवला, तक्रारीखाली "तक्रार योग्य आहे, आभार" असं लिहिलं, आणि हे प्रकरण मी बघणार म्हणून तिच्यावर माझं टोपणनाव लावून टाकलं. मी त्यांची मुलगी नसताना ते माझ्याशी कसे बोलतात, हे मला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी तळेगावला जेवायला गेले. पानावर बसल्याबसल्या बाबांनी सुरुवात केली.

"तिकडचा कुणीतरी माणूस आहे. लगेच उत्तर दिलं. आणि काय लिहिलंय माहितीये? तक्रार योग्य आहे! एवढी वर्षं इन्स्पेक्शनला काढली, पण एकाही प्रॉडक्शनवाल्याने कधी असं म्हटलं नाही."

"कालपासून हेच चाललंय," आई म्हणाली. "मला दोनदा वाचून दाखवलं. भात वाढू का आणखी?"

"मग दुरुस्त करणार का ते?" मी विचारलं.

"म्हणतो, वेळ मिळेल तसं बघतो, पण तुम्हाला जमलं तर तुम्हीच पॅच पाठवा." हे मीच आदल्या रात्री लिहिलं होतं. "मी पाठवणार."

"फुकट?" माझ्या तोंडून गेलंच.

बाबांनी माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "फुकट कसलं अगं? आपलीच अक्षरं आहेत ती."

आपण पूर्वी काय बोललो होतो ते त्यांना आठवतही नव्हतं. मी वरण ओरपलं. मला फार बरं वाटत होतं. ते ज्या कौतुकाने त्या तिकडच्या माणसाबद्दल बोलत होते, ते सगळं मी गुपचूप घेत होते.

मग त्यांनी खरंच पॅच लिहायला घेतला. चूक अशी होती की आपण 'कि' एक अक्षर समजतो, पण ही भाषा ते दोन मोजत होती, क वेगळा आणि वेलांटी वेगळी. जोडाक्षर आलं की आणखी गोंधळ. त्यामुळे नावात जितक्या वेलांट्या आणि जोडाक्षरं, तितका पुढचा रकाना डावीकडे सरकायचा. बाबांना हे शोधायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत ते मला रोज कधीतरी फोन करायचे. मी बहुतेक कंपनीच्या बसमध्ये असायचे.

"अगं, तो म्हणतो टेस्ट लिहा. टेस्ट म्हणजे मी चालवून बघितलंय की."

"तसं नाही बाबा. तुमचा बदल बरोबर आहे हे आपोआप तपासणारा छोटा कोड. उद्या दुसऱ्या कुणी काही मोडलं तर लगेच कळावं म्हणून."

"म्हणजे गेज. भाग मापात आहे का ते बघायचं."

"हो, गेजच."

"मग सरळ गेज म्हणायचं ना," ते म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

एके दिवशी सकाळी मी तपासणारी म्हणून त्यांना लिहायचे की टेस्ट हवी. दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणून ती कशी लिहायची ते फोनवर सांगायचे. त्यानंतर पुन्हा तपासणारी म्हणून लिहायचे, वा, टेस्ट चांगली आहे. एकदा तर मी विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे त्यांनी मलाच विचारलं, मी मजकूर सांगितला, त्यांनी तो तसाच लिहून पाठवला, आणि मी तो वाचून 'पटलं' असं लिहिलं. ते लिहिल्यावर मी पहिल्यांदाच लॅपटॉप लगेच मिटून ठेवला.

आमच्या त्या प्रकल्पात एक नियम आहे. आपल्या घरच्या किंवा ऑफिसातल्या माणसाचा पॅच आपण तपासायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा. हा नियम करायची चर्चा झाली तेव्हा मी त्याच्या बाजूने लांबलचक लिहिलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी स्वतःला सांगत होते की बाबांना ठाऊकच नाही मी कोण आहे, मग पक्षपात कसला? आणि दुसऱ्या कुणाला द्यायचं तर सगळ्यांसमोर कारण लिहावं लागलं असतं, आणि बाबा ते पान दिवसातून दहादा उघडून बघत होते.

बसमध्ये माझ्या शेजारी स्टोअरमधले एक गृहस्थ बसायचे. ते मूळचे चाकणजवळच्या निघोज्याचे, तिथल्याच जुन्या घरातले. माझे फोन रोज त्यांच्या कानावर पडत होते. एकदा मी त्यांना विचारलं, नाव-गाव न सांगता, एका मैत्रिणीची गोष्ट म्हणून. मैत्रीण परीक्षक आहे, तिचे वडील त्याच परीक्षेला बसलेत, आणि वडिलांना ते माहीत नाही.

ते हसले. "ताई, मैत्रीण न्हाई, तुमीच हाय."

मी हो म्हटलं.

"म्हातारं मानूस खूश हाय ना?"

"खूप."

"मग राहू द्या की. सांगून काय मिळनार? त्यांचा आनंद जायाचा आन् तुमच्या डोक्याचा ताप वाढायचा."

हे मला हवंच होतं. मी ते लगेच उचललं. त्यांना बिचाऱ्यांना नियमाचं काही माहीत नव्हतं, कारण तो भाग मी सांगितलाच नव्हता.

त्या आठवड्याच्या शेवटी मी पॅच शेवटचा वाचला आणि भाषेत घेतला. खाली लिहिलं, "काम नेटकं आहे. मराठी लिहिणाऱ्या सगळ्यांना उपयोग होईल." अर्ध्या तासात तळेगावहून फोन आला. बाबा होते. "घेतला," ते म्हणाले. "घेतला त्याने." मग आईने फोन घेतला आणि म्हणाली, "हे आता पेढे आणायला निघालेत. शुगरचं सांग बाई तूच काहीतरी."

त्या रविवारी घरात पेढे होते. बाबांनी ते पूर्ण मजल्यावर वाटले होते. वरच्या मजल्यावरच्या एका निवृत्त मास्तरांना घरी बोलावून त्यांनी पॅचचं पान उघडून दाखवलं, आणि "नेटकं" या शब्दावर बोट ठेवलं. मूळ शब्द इंग्रजी होता. बाबांनी मास्तरांना त्याचं मराठी करून सांगितलं. ते मी योजलेल्या शब्दापेक्षा जास्त मोठं होतं. मास्तर म्हणाले, "म्हणजे तुमचं काम आता जगभर जाणार." बाबा नुसते चष्मा पुसत बसले. मला उठून आत जावंसं वाटलं आणि मी गेले. आईला म्हटलं, कांदे चिरून देते.

पेढे संपायच्या आत बाबांनी दुसरं काम काढलं. ह्या भाषेला नावांची यादी वर्णानुक्रमाने लावायला सांगितली की 'ळ' ती 'ल'च्या शेजारी लावते. मराठीत 'ळ' 'ह'च्या नंतर, आणि 'क्ष', 'ज्ञ' सगळ्यांत शेवटी. बाबांनी सगळा क्रमच बदलून टाकला होता. मोठा पॅच होता, मेहनत दिसत होती, आणि यावेळी त्यांनी मला एकदाही फोन केला नव्हता. त्यांना तो एकट्याने करून दाखवायचा होता.

तो घेता येण्यासारखा नव्हता. देवनागरी फक्त मराठीची नाही. हिंदी आहे, नेपाळी आहे, त्यांचे क्रम वेगळे. भाषेचा मूळ क्रम एकट्या मराठीसाठी बदलता येत नाही. मराठी क्रम हवा असेल त्याने तो वेगळा जोडून घ्यावा, अशी सोय करता येते. हे सगळं समजावून लिहिता आलं असतं. दुसरा कुणी असता तर मी तसंच लिहिलं असतं, चार ओळी कौतुकाच्या, मग कारण, मग पुढे काय करता येईल ते. पण पहिल्या पॅचच्या वेळी आपण सैल वागलो की काय, ही टोचणी मनात होती. म्हणून मी कडक व्हायचं ठरवलं. मी लिहिलं की हा बदल भाषेत बसत नाही, आणि पॅच नाकारून बंद केला. वेगळं जोडण्याबद्दल एक ओळ लिहिली, तीही कोरडी.

पहिल्या वेळी बाप म्हणून झुकतं माप दिलं, दुसऱ्या वेळी बाप म्हणूनच जास्त कापलं. दोन्ही वेळा मी पॅच बघत नव्हते.

पुढच्या रविवारी बाबा जेवायला उशिरा उठले. पानावर बसून त्यांनी पहिली पोळी संपवली. मग ते म्हणाले, "परदेशात बसलेल्या माणसाला 'ळ' म्हणजे काय हे तरी माहीत असेल का?"

मी खाली बघून पोळीचे तुकडे करत राहिले.

"बसत नाही म्हणतो. कशात बसत नाही? एवढं सांगायला काय झालं होतं? मी कामगाराचा पीस रिजेक्ट केला तरी कुठे मापात नाही ते त्याला दाखवायचो."

"जाऊ द्या हो," आई म्हणाली. "परकी माणसं."

तो 'परकी' शब्द मला लागला. जेवण झाल्यावर बाबा बाल्कनीत जाऊन बसले. मी पाठोपाठ गेले, दुसरी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बाबा, तो माणूस परदेशात नाही. तो मी आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मी मोबाइलवर माझं खातं उघडून दाखवलं. टोपणनाव, आणि खाली माझं चित्र नसलेला राखाडी गोल. त्यांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा वर करून वाचला, परत दिला.

"कधीपासून?"

"पहिल्या तक्रारीपासून. फोटोतली पट्टी ओळखली मी."

"म्हणजे मी तुला फोन करून विचारायचो तेव्हा..."

"हो."

ते रस्त्याकडे बघत बसले. मला वाटलं होतं ते 'ळ'बद्दल विचारतील, मला लिहिताना चांगलं लिहिता आलं नाही का असं रागावतील. त्यांनी ते विचारलं नाही. ते म्हणाले, "तो पहिला. तो तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणी बघितला असता तर घेतला असता?"

"घेतला असता."

पण मी ते म्हणायला एक क्षण उशीर केला. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या तोंडून 'माप बरोबर आहे साहेब' ऐकलं होतं. तो उशीर त्यांना कळला.

"आणि तुमच्यात असं चालतं? घरच्याचं घरच्याने तपासायचं?"

"नाही चालत."

"मग?"

"चुकलं बाबा," असं मी म्हटलं. ते म्हणाले, "माझे पेढे खाल्लेस तू." एवढंच बोलून ते आत गेले आणि त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. आई मला म्हणाली, "काय झालं गं?" मी सांगितलं तेव्हा तिला त्यात एवढं काय आहे तेच कळेना. "मुलीनेच पास केलं तर बरंच की," ती म्हणाली. बाबांनी दाराआडून ते ऐकलं असणार.

सोमवारी मी बसमध्ये होते, तळवड्याच्या पुढे कुठेतरी, तेव्हा मेल आला. बाबांनी पहिल्या पॅचच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं होतं. त्यांचं इंग्रजी नेहमीसारखंच, अहवालाचं. ज्यांनी हा पॅच तपासला त्या माझी मुलगी आहेत. मला हे काल समजलं. नियमाप्रमाणे ही तपासणी ग्राह्य नाही. कृपया दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासावा. खाली नाव.

हे मला लिहायला हवं होतं. मी ठरवलंही होतं की ऑफिसला पोचल्यावर लिहीन. ते माझ्या आधी उठले आणि लिहून मोकळे झाले. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काय ताई, बरं वाटंना व्हय?" मी काहीतरी सांगितलं.

मग मीही लिहिलं, सगळ्यांची माफी मागितली, दोन्ही पॅचबद्दल. माझ्याबरोबर तपासणाऱ्या इतरांनी फार समजुतीने घेतलं. एकाने लिहिलं, असं होतं, वाईट वाटून घेऊ नकोस. मला वाटत होतं निदान कुणीतरी रागवावं.

पहिला पॅच दुसऱ्या एका बाईंनी पुन्हा तपासायला घेतला. त्या दूरच्या देशातल्या, मराठीचा गंध नाही, पण कामाला पक्क्या. त्यांना दोन दिवसांत चूक सापडली. 'दुसऱ्या', 'कोपऱ्यात' अशा शब्दांत जो अर्धा, वाकडा र येतो, तो टाइप करायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत बाबांचा पॅच बरोबर मोजायचा, दुसऱ्या रीतीत एक अक्षर जास्त मोजायचा. बाबा पहिल्या रीतीने टाइप करतात, त्यामुळे त्यांना ते कधी दिसलं नाही. मी दोन्ही रीती जाणते. आमच्या कारखान्यातल्या जुन्या याद्या दुसऱ्या रीतीतच आहेत, आणि ह्याच र-पायी मी पूर्वी एकदा आठवडा घालवला होता. मराठी न येणाऱ्या बाईंना जे दिसलं ते मला दिसलं नाही.

का दिसलं नाही हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. कदाचित कुणाच्याही पॅचमध्ये ते माझ्या नजरेतून सुटलं असतं. कदाचित मी वाचत होते ते पॅच नव्हताच, बाबांच्या हातचं काहीतरी होतं, आणि त्यात चूक शोधायची मला इच्छाच नव्हती. मी आठवून बघते तेव्हा त्या दिवशी पॅचपेक्षा तळेगावहून येणाऱ्या फोनचाच विचार डोक्यात होता असं वाटतं. पण ते मी आता स्वतःला दोष द्यायला म्हणून ठरवते आहे का, तेही कळत नाही.

पॅच भाषेतून काढून टाकला गेला. कुणीतरी फक्त एक ओळ लिहिली की दुरुस्त होऊन आल्यावर पुन्हा बघू. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना बाबांनी स्वतः जाऊन सांगितलं, की ते काम परत आलंय. हे मला आईकडून कळलं.

मी फोन केला आणि म्हटलं, "बाबा, त्या र-चं मी समजावून सांगते, सोपं आहे."

"नको," ते म्हणाले. "बघतो मी."

"फक्त समजावते. तपासणार नाही."

"नको म्हटलं ना." मग, बहुतेक मला वाईट वाटेल म्हणून, "तुझी बस वेळेवर येते का अजून?"

येते म्हटलं.

त्यानंतरचे काही महिने मी त्यांचं पान लांबून बघत होते. बाबा अडायचे. काही दिवस काहीच यायचं नाही, मग एखादा प्रश्न यायचा, आणि तो इतका साधा असायचा की मी फोनवर दोन मिनिटांत सोडवला असता. त्या बाई त्यांना उत्तर द्यायच्या, त्यांच्या सवडीने, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. कधी बाबा उत्तराचा अर्थ उलटा घ्यायचे आणि सगळं काम पुन्हा करायचे. ते मला दिसत होतं. एकदा मी मधे पडायचं ठरवून दोन ओळी टाइपही केल्या आणि खोडल्या. मदत केली असती तर त्यांचं ते काम पुन्हा माझं झालं असतं. नाही केली म्हणून एक सत्तरीकडे झुकलेला माणूस आठवडेच्या आठवडे एका अर्ध्या र-पाशी बसून होता.

शेवटी पॅच घेतला गेला. त्या बाईंनी खाली काही कौतुक लिहिलं नाही. नुसतं 'घेतला' लिहिलं, त्या सगळ्यांनाच तेवढंच लिहितात. मला मेल आला तेव्हा मी ऑफिसात होते. तळेगावहून फोन येईल म्हणून मोबाइल दिवसभर टेबलावर उघडा ठेवला. आला नाही. संध्याकाळी मीच केला आणि अभिनंदन केलं.

"हो, झालं ते," बाबा म्हणाले. "तुला कळलं वाटतं."

"मला मेल येतो ना."

"हां." मग त्यांनी आईला फोन दिला.

आता रविवारी गेले की आम्ही पाण्याबद्दल बोलतो, स्टेशनजवळच्या नव्या पुलाबद्दल, आईच्या गुडघ्याबद्दल. बाबा प्रेमाने वागतात, मला आवडतं म्हणून श्रीखंड आणून ठेवतात. पण मी घरात असताना लॅपटॉप कपाटात असतो. 'ळ'चं त्यांनी काय केलं हे मी विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात आई फोनवर हळू आवाजात म्हणाली, "ह्यांनी परत काहीतरी पाठवलंय. तुला सांगू नको म्हणालेत." मी म्हटलं, मग सांगितलंस कशाला? "तुला आनंद होईल म्हणून," ती म्हणाली.

मी पान उघडून बघितलं. तारखा मोजण्याबद्दलचा लहानसा पॅच होता, आणि त्यात फेब्रुवारीची एक चूक होती, वाचता वाचता दिसावी अशी. तो पॅच तपासायचा मला अधिकार नव्हता, पण चूक आहे एवढं कुणीही लिहू शकतं, मीही. मी लिहिलं नाही. पान बंद केलं, बसची वेळ झाली होती. त्या बाईंना ती चूक चार दिवसांनी सापडली आणि बाबांनी ती त्याच दुपारी दुरुस्त केली. त्या चार दिवसांत मी ते पान किती वेळा उघडलं असेल कोण जाणे. रविवारी बाबांनी विचारलं, "चेहरा का उतरलाय?" मी म्हटलं, काही नाही, कंपनीत काम वाढलंय.